मुंबई ते दिल्ली विमानप्रवास: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा देशातला सर्वात वर्दळीचा हवाई मार्ग आहे. त्यामुळे त्याविषयी माहितीला तोटा नाही, पण एका ठिकाणी ११३५ किलोमीटर, दुसरीकडे ११३८, तिसरीकडे १२१० आणि प्रवासाची वेळ कुठे दीड तास तर कुठे सव्वादोन तास असे आकडे दिसतात. त्यातले बहुतेक खरेच असतात. प्रत्येक आकडा वेगळ्या गोष्टीचा असतो, एवढेच.

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर नेमके किती?

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळापर्यंत सरळ अंतर सुमारे ११३८ किलोमीटर. मैलांत ७०७ आणि सागरी मैलांत ६१५. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक सागरी मैलांतच बोलतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर किंवा उद्घोषणेत नुसते 'मैल' आले तर कुठले मैल ते पाहा, नाहीतर दीडशे किलोमीटरची गफलत होते.

हे अंतर दोन विमानतळांच्या संदर्भबिंदूंमधले असते. संदर्भबिंदू म्हणजे धावपट्ट्यांच्या साधारण मध्यावर ठरवलेली एक जागा. टर्मिनल, गेट किंवा शहराचा मध्य यांच्याशी त्याचा संबंध नाही.

मग काही ठिकाणी ११३५ का दाखवतात?

पृथ्वी संपूर्ण गोल धरली, त्रिज्या ६३७१ किलोमीटर मानली, की ११३८ येतात. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हे हिशेबात घेतले की याच दोन बिंदूंमधले अंतर ११३५ च्या आसपास भरते. मुंबई–दिल्ली मार्ग बराचसा दक्षिणोत्तर असल्यामुळे हा फरक जाणवतो. तीन किलोमीटर म्हणजे विमानाची जेमतेम १३ सेकंदे, तेव्हा यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

हे अंतर स्वतः काढायचे असेल तर?

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या. मुंबई: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. दिल्ली: २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व. आता अक्षांशांतला फरक ९.४८ अंश, एका अंशाला १११ किलोमीटर धरून उत्तरेकडचे अंतर १०५२ किलोमीटर. रेखांशांतला फरक ४.२३ अंश. विषुववृत्तापासून वर जावे तशा रेखांशाच्या रेषा जवळ येतात, म्हणून १११ ला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोज्येने (cos) गुणायचे. इथे सरासरी अक्षांश सुमारे २३.८, त्याची कोज्या ०.९१५. पूर्वेकडचे अंतर आले साधारण ४३० किलोमीटर. पुढे शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, त्यांची बेरीज, वर्गमूळ. उत्तर ११३६. कागदावर दोन मिनिटांत काढलेल्या उत्तरासाठी हे पुष्कळ अचूक आहे.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. पहिली, अंश-कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि दशांश यांची सरमिसळ: १९ अंश ५ कला म्हणजे १९.०५ नव्हे, १९.०८. दुसरी, संगणकावरच्या तक्त्यात कोन अंशांत भरणे. तिथली त्रिकोणमितीची सूत्रे कोन रेडियनमध्ये मागतात आणि उत्तर भलतेच येते. तिसरी, अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल.

ही युक्ती देशांतर्गत अंतरांपुरतीच वापरा. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे. तिथे सपाट पायथागोरस पार फसतो, कारण जवळचा मार्ग उत्तरेकडे वळून जातो. तिथे गोलावरचे सूत्रच लागते.

सरळ रेषा काढली तर ती कुठून जाते?

मुंबईतून निघताना दिशा उत्तरेपासून सुमारे २१ अंश पूर्वेला, म्हणजे उत्तर-ईशान्य. रेषा पालघर जिल्ह्यातल्या जव्हारवरून, मग डांग, अलिराजपूर, रतलामच्या किंचित पश्चिमेने, मंदसौरजवळून, कोट्याच्या पश्चिमेने, जयपूरला डावीकडे पन्नासेक किलोमीटर ठेवून, अलवरवरून दिल्लीत शिरते. सुरत आणि वडोदरा डाव्या हाताला राहतात. विमान काटेकोरपणे या रेषेवरून जात नाही, पण खिडकीतून खालची गावे ओळखायला ही यादी कामाला येते. संध्याकाळच्या विमानाने दिल्लीला जाताना सूर्यास्त हवा असेल तर डावीकडची खिडकी घ्या, परतताना उजवीकडची.

विमान सरळ रेषेत का जात नाही? प्रत्यक्षात किती उडते?

सरळ अंतरापेक्षा साधारण ५ ते १० टक्के जास्त, म्हणजे बहुतेक दिवशी १२०० किलोमीटरच्या आगेमागे. वाढीव किलोमीटर मुख्यतः दोन्ही टोकांना लागतात. मधला पट्टा बऱ्यापैकी सरळ असतो.

मुंबईचे उदाहरण घ्या. वर्षातला बहुतांश काळ वारा पश्चिमेकडून असतो, म्हणून मुख्य धावपट्टीवरून विमाने पश्चिमेकडे, जुहूवरून समुद्रावर निघतात. जायचे उत्तरेला आणि तोंड अरबी समुद्राकडे. तेव्हा उजवीकडे वळून मार्गाला लागेपर्यंत काही किलोमीटर जातातच. परतताना उलटे: उत्तरेकडून आलेल्या विमानाला शहराच्या पूर्वेला जाऊन, वळून, घाटकोपर-कुर्ल्यावरून धावपट्टीच्या रेषेत यावे लागते. दिल्लीतही पश्चिमेचा वारा असला की दक्षिणेकडून येणारे विमान आधी पूर्वेला नेतात आणि मग पश्चिमेकडे तोंड करून उतरवतात. वारा पूर्वेचा झाला की सगळे उलटे फिरते आणि विमाने गुरुग्राम-द्वारकेच्या बाजूने उतरू लागतात.

याखेरीज लष्करी हवाई क्षेत्रे टाळणे आणि पावसाळ्यातल्या गडगडाटी ढगांना वळसा घालणे आलेच. मे-जूनच्या दुपारी राजस्थानवर मोठा ढग उभा असला तर वैमानिक पन्नास-साठ किलोमीटर बाजूने जातो. अशा वेळी १५ मिनिटे उशीर झाला म्हणून कुरकुर करू नये.

विमानाला वेळ किती लागतो?

तिकिटावर साधारण २ तास ५ मिनिटे ते २ तास २० मिनिटे असतात. हवेतला वेळ साधारण १ तास ३० ते १ तास ४५ मिनिटे.

तिकिटावरची वेळ 'चाकाखालची अडसर काढल्यापासून पुन्हा अडसर लावेपर्यंत' अशी मोजतात. म्हणजे मुंबईच्या गेटवरून विमान मागे ढकलले तिथपासून दिल्लीत गेटवर थांबले तिथपर्यंत. दार बंद होणे किंवा चाके जमिनीवरून उचलली जाणे याला त्यात जागा नाही. या वेळेला विमान कंपन्या 'ब्लॉक टाइम' म्हणतात.

११३८ किलोमीटर भागिले विमानाचा वेग केले तर दीड तासही होत नाही. मग बाकीचा वेळ जातो कुठे?

हिशेब करून पाहू. या मार्गावर बहुतेक एअरबस ए३२० वर्गातली किंवा बोइंग ७३७ विमाने असतात. त्यांचा वरचा वेग ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटर. ११३८ भागिले ८३० म्हणजे ८२ मिनिटे. पण विमान त्या वेगाने निम्मा-पाऊण रस्ताच जाते.

मुंबईत गेट सोडून धावपट्टीवरच्या रांगेतून उड्डाण होईपर्यंत १५ ते २५ मिनिटे. मग चढाई: दहा हजार फुटांखाली वेग २५० नॉट, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरपुरता मर्यादित असतो, पस्तीस हजार फुटांपर्यंत पोहोचायला २० ते २५ मिनिटे लागतात. वरचा सपाट टप्पा ४५ ते ५५ मिनिटे. उतरण दिल्लीपासून साधारण २०० किलोमीटरवर, म्हणजे जयपूर मागे पडता पडता सुरू होते आणि धावपट्टीला चाके टेकेपर्यंत २५ ते ३० मिनिटे घेते. दिल्लीत धावपट्टी ते गेट १० ते १५ मिनिटे.

दिल्लीचा विमानतळ पसरलेला आहे. तिथे चार धावपट्ट्या आहेत. देशात दुसरीकडे कुठेच इतक्या नाहीत. तिसऱ्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल १ ला जायचे तर पूर्वी ९ किलोमीटर जमिनीवरून फिरावे लागे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या उन्नत टॅक्सीमार्गाने, म्हणजे विमानांनी धावपट्टी ते टर्मिनल ये-जा करण्याच्या उंचावरच्या रस्त्याने, ते २ किलोमीटरवर आले. तरीही 'उतरलो' असा निरोप घरी पाठवल्यानंतर गेटवर पोहोचायला पंधरा मिनिटे लागली तर नवल नाही.

मोठे विमान मिळाले तर लवकर पोहोचतो का?

फार तर चार मिनिटे. बोइंग ७८७ सारखे रुंद विमान ध्वनीच्या वेगाच्या ०.८५ पट वेगाने उडते, ताशी ९०० किलोमीटरच्या थोडे वर. पण सपाट टप्पाच सातेकशे किलोमीटरचा असल्यामुळे एवढीच बचत होते. उलट उतरायला माणसे जास्त आणि पट्ट्यावर सामानही जास्त, त्यामुळे ती चार मिनिटे तिथेच संपतात. मोठे विमान ऐसपैस बसायला निवडा, वेळ वाचवायला नको.

जाताना आणि येताना वेळ वेगळी का असते? वाऱ्यामुळे का?

थोडीशी वाऱ्यामुळे. बराचसा फरक मुंबईच्या धावपट्टीमुळे पडतो.

हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा झोत वाहतो. आपला मार्ग उत्तर-ईशान्य असल्यामुळे हा वारा बहुतांशी आडवा लागतो. त्याचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग दिल्लीकडे जाताना पाठीशी आणि परतताना तोंडावर येतो. वारा ताशी १५० किलोमीटर धरला तर जमिनीवरचा वेग जाताना साधारण ८७० आणि येताना ७६५ पडतो. पण झोत मार्गाच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागातच असतो, म्हणून प्रत्यक्ष फरक पाच-सहा मिनिटांचा. मुंबई–लंडन मार्गावर हाच वारा जाणे आणि येणे यांत तासाभराचा फरक पाडतो, कारण तिथे तो सरळ तोंडावर किंवा पाठीवर असतो.

आता धावपट्टी. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमाने चढतात-उतरतात, म्हणजे सव्वा मिनिटाला एक. यात एखादे विमान धावपट्टीवरून बाहेर पडायला अर्धा मिनिट रेंगाळले की मागचे उतरता उतरता पुन्हा वर जाते आणि त्याला रांगेत परत जागा द्यावी लागते. म्हणून दिल्लीहून मुंबईला येताना घिरट्यांची शक्यता जास्त, आणि विमान कंपन्या परतीच्या वेळापत्रकात हातचा वेळ राखून ठेवतात.

'आपण घिरट्या घालत आहोत' असे वैमानिक सांगतो. एक घिरटी किती मिनिटांची?

१४ हजार फूट किंवा त्याखाली साधारण चार मिनिटे: एक मिनिट सरळ, एक मिनिटाचे अर्धे वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. त्याहून वर सरळ भाग दीड मिनिटाचा असल्यामुळे पाच मिनिटे. खिडकीतून तोच डोंगर किंवा तीच खाडी पहिल्या वेळेनंतर आणखी तीनदा दिसली तर बारा ते पंधरा मिनिटे गेली, असा सोपा हिशेब.

घिरट्यांमध्ये इंधन संपत नाही का?

त्याची तरतूद निघण्यापूर्वीच असते. ए३२० ला या प्रवासाला साधारण साडेचार ते पाच टन इंधन लागते. त्यावर आकस्मिक गरजेसाठी सुमारे ५ टक्के, दिल्लीत उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते, आणि तिथे पोहोचल्यावरही १५०० फुटांवर ३० मिनिटे उडता येईल एवढे. या शेवटच्या तीस मिनिटांना हात लावण्याची वेळ येण्याआधीच वैमानिक विमान वळवतो. म्हणून घिरट्या घालता घालता अचानक 'आपण जयपूरला जात आहोत' अशी उद्घोषणा होते. वैमानिकाने घाबरून घेतलेला निर्णय असे प्रवाशांना वाटते. खरे तर तो आकडा मुंबईतच कागदावर ठरलेला असतो.

दिल्लीची विमाने बहुधा जयपूर, लखनौ, अमृतसर किंवा अहमदाबादला वळवतात. धुक्याच्या दिवशी जयपूरच्या पार्किंगच्या जागा लवकर भरतात, मग पुढचा विमानतळ.

दिल्लीच्या धुक्यात नेमके काय होते?

डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत धुके सर्वात दाट. रात्री उशिरा धरते, पहाटे दाटते, ऊन चढले की नऊ-दहानंतर विरते. वाईट दिवशी त्याहूनही उशिरा.

दिल्लीला अतिकमी दृश्यमानतेत उतरवणारी यंत्रणा आहे. धावपट्टीवर ५० मीटरपर्यंत दिसत असेल तरी विमान उतरू शकते. पण यंत्रणा विमानतळावर असून भागत नाही. विमान त्या दर्जाचे हवे आणि दोन्ही वैमानिक त्यासाठी प्रशिक्षित हवेत. यातली एकही गोष्ट नसली की त्याच धावपट्टीवर शेजारचे विमान उतरते आणि तुमचे जयपूरला जाते. उड्डाणाचा नियम तर आणखी कडक: उडायला साधारण १२५ मीटर दृश्यमानता लागते. म्हणजे ५० ते १२५ मीटरच्या दरम्यान दिल्लीत विमाने उतरतात पण निघत नाहीत, जागा भरत जातात, आणि मग येणाऱ्यांनाही थांबवतात.

हिवाळ्यात दिल्लीला सकाळी काम असेल तर आदल्या संध्याकाळी जा. तेवढे जमत नसेल तर दुपारी बारानंतर दिल्लीत उतरणारे विमान घ्या. पहाटेचे पहिले विमान वेळेवर सुटते म्हणून वर्षभर आम्ही तेच सुचवू. या चार आठवड्यांत मात्र नाही.

दार बंद करून आम्हाला मुंबईतच तासभर बसवून का ठेवतात?

कारण रांगेतली जागा तयार विमानालाच मिळते. दिल्लीत गर्दी किंवा धुके असले की भारतीय विमानतळ प्राधिकरणाची केंद्रीय व्यवस्था प्रत्येक विमानाला उड्डाणाची वेळ ठरवून देते. हवेत घिरट्या घालून इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणे स्वस्त आणि सुरक्षित, असा त्यामागचा विचार. वेळ अलीकडे आली आणि प्रवासी अजून टर्मिनलमध्ये असले तर संधी जाते, म्हणून आधी बसवून घेतात. प्रवाशाला त्रास होतो हे खरे, पण याच पद्धतीने एकूण उशीर कमी होतो.

आणखी कोणत्या दिवशी हमखास उशीर होतो?

प्रजासत्ताक दिनाच्या आधीचा आठवडा लक्षात ठेवा. संचलनाच्या तालमी आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांसाठी गेली काही वर्षे १९ ते २६ जानेवारीदरम्यान सकाळी १०:२० ते दुपारी १२:४५ दिल्लीचे आकाश प्रवासी विमानांना बंद असते. सकाळी धुके, मग ही बंदी, आणि दुपारी एकदम सगळी विमाने: हा आठवडा टाळता आला तर टाळाच.

मुंबईत मे महिन्यात एक दिवस आणि पावसाळा संपल्यावर एक दिवस, सकाळी ११ ते संध्याकाळी ५, दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी बंद ठेवतात. तारीख महिनोन्‌महिने आधी जाहीर होते आणि वेळापत्रक त्याप्रमाणे बदलते, त्यामुळे गोंधळ कमी. पण त्या संध्याकाळची विमाने भरलेली असतात.

एरवी रात्रीचे शेवटचे विमान सर्वात बेभरवशाचे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते; सकाळी झालेला अर्धा तास उशीर गोळा होत होत रात्रीपर्यंत दीड-दोन तासांवर जातो.

उशीर होऊनही विमान 'वेळेवर' पोहोचल्याचे दाखवतात, ते कसे?

दोन कारणे. १५ मिनिटांपर्यंतचा उशीर हिशेबात 'वेळेवर'च धरतात. आणि ब्लॉक टाइममध्ये रांगा व घिरट्यांसाठी पंधरा-वीस मिनिटे आधीच मिसळलेली असतात. रविवारी दुपारी रस्ता मोकळा असला की तुम्ही वीस मिनिटे लवकर उतरता आणि कंपनी त्याची शाबासकी घेते.

तिकिटावरच्या ब्लॉक टाइमचा प्रवाशाला काही उपयोग आहे का?

आहे, आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम याच वेळेवर बेतलेले आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात विमानाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला, आणि तुम्ही वेळेत चेक-इन केले असेल, तर खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. मुंबई–दिल्ली याच गटात येते. काउंटरवर जाऊन मागा. न मागता कधी कधी मिळत नाही.

विमान ऐनवेळी, पुरेशी पूर्वसूचना न देता रद्द केले तर पैसे परत किंवा दुसरे विमान, शिवाय भरपाई. भरपाईची कमाल मर्यादा एका तासापर्यंतच्या प्रवासाला ५,०००, एक ते दोन तासांना ७,५०० आणि दोन तासांहून अधिकला १०,००० रुपये. मूळ भाडे अधिक इंधन अधिभार ही रक्कम याहून कमी असेल तर तीच. मुंबई–दिल्लीचा ब्लॉक टाइम दोन तासांच्या वर असल्याने वरची पायरी लागू होते. धुके, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही.

एक खाचखळगा: तिकीट काढताना प्रवाशाचा संपर्क क्रमांक दिलेला नसेल तर भरपाईचा हक्क जातो. एजंटाकडून तिकीट काढले की बऱ्याचदा एजंटाचाच नंबर टाकलेला असतो आणि विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्याकडे जाऊन पडतो. कंपनीच्या ॲपवर जाऊन आपला नंबर आहे का ते त्याच दिवशी तपासा.

घरातून निघून दिल्लीत मुक्कामी पोहोचेपर्यंत एकूण किती वेळ धरावा?

सहा ते सात तास. यात विमान सव्वादोन तास, बाकी जमिनीवर. देशांतर्गत प्रवासाला दोन तास आधी विमानतळावर पोहोचा. सामान द्यायचे काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद करतात आणि गेट २० ते २५ मिनिटे आधी. उतरल्यावर पट्ट्यावरच्या सामानासाठी २० ते ३० मिनिटे. फक्त हातातली बॅग असेल तर ती वाचतात.

विमान चुकण्याची सर्वात फालतू आणि सर्वात नेहमीची तऱ्हा म्हणजे चुकीचे टर्मिनल. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारला. दोन्हींत रस्त्याने चार-पाच किलोमीटर आणि पश्चिम द्रुतगती मार्गावरची वाहतूक. दिल्लीत टर्मिनल १ वेगळे, २ आणि ३ शेजारी. एकाच कंपनीची विमाने वेगवेगळ्या टर्मिनलांवरून सुटतात आणि ते अधूनमधून बदलतेही, म्हणून मागच्या वेळच्या आठवणीवर जाऊ नका.

मुंबईत मेट्रो ३ ची दोन्ही टर्मिनलांना स्थानके आहेत. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत जाते. पहाटेच्या पहिल्या विमानांना मात्र ती उपयोगाची नाही. दिल्लीत टर्मिनल ३ वरून विमानतळ एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्थानक १५ ते २० मिनिटांवर आहे. संध्याकाळी टॅक्सीने याच अंतराला तास लागू शकतो. टर्मिनल १ ला मॅजेंटा मार्गिकेचे स्थानक आहे.

राजधानी एक्स्प्रेसशी तुलना केली तर?

मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली रेल्वेने सुमारे १३८४ किलोमीटर, साडेपंधरा-सोळा तास. संध्याकाळी बसून सकाळी साडेआठच्या सुमारास दिल्लीच्या मध्यभागी. धुक्यात तीही रखडते. दिवस मोडायचा नसेल आणि रात्र गाडीत काढता येत असेल तर राजधानी आजही तोडीस तोड आहे. रस्त्याने साधारण १४०० किलोमीटर. एका दमात जाण्याचा नाद करू नये.

नवी मुंबई, पुणे, नागपूर, गोव्याहून दिल्ली किती?

नवी मुंबईहून ११४० च्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षा दोन-तीन किलोमीटरच जास्त. विमानाच्या वेळेत फरक नाही. पनवेल, खारघर, पेणकरांचा वेळ वाचेल तो घर ते विमानतळ या टप्प्यात. तिकीट घेताना मुंबई असे शोधले की दोन्ही विमानतळांची विमाने एकत्र दिसतात, तेव्हा नाव नीट वाचा. बोरिवलीच्या माणसाने स्वस्त म्हणून नवी मुंबईचे तिकीट घेतले तर वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

पुणे ते दिल्ली सुमारे ११५७ किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरहून ९८३, नागपूरहून ८५४. गोव्यात मोपाहून १४६६ आणि दाबोळीहून १५०५. ही सगळी सरळ अंतरे आहेत. कुठल्याही अंतरावरून वेळेचा ठोकताळा हवा असेल तर किलोमीटरला ८३० ने भागा आणि आलेल्या वेळेत पाऊण तास मिळवा; दोन्ही टोकांना गर्दीचा विमानतळ असेल तर तासभर. नागपूर–दिल्लीला या हिशेबाने एक तास पन्नास मिनिटांच्या आसपास येतात.

दिल्लीहून पुढे परदेशी विमान पकडायचे असेल तर मध्ये किती वेळ ठेवावा?

दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील तर चुकलेल्या पुढच्या विमानाची जबाबदारी कंपनीची, म्हणून तिने दिलेली जोड चालते. वेगवेगळी तिकिटे असतील तर जबाबदारी तुमची: किमान पाच तास ठेवा, डिसेंबर-जानेवारीत त्याहून जास्त. आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल ३ वरून सुटतात. तुम्ही टर्मिनल १ ला उतरलात तर सामान घेऊन, बाहेर पडून, रस्त्याने जायचे आहे. त्यासाठी ४५ मिनिटे वेगळी धरा. आंतरराष्ट्रीय चेक-इन बहुधा तासभर आधी बंद होते हेही विसरू नका.

एका प्रवाशामागे या प्रवासात कार्बन उत्सर्जन किती?

एक किलो विमान-इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पावणेपाच टन इंधनाचे झाले १५ टन. ए३२० मधल्या सुमारे १८० आसनांत वाटले तर प्रत्येकी ८० ते ८५ किलो. विमान पाऊण भरलेले असेल तर ११० च्या घरात. दिल्लीवर वीस मिनिटे घिरट्या झाल्या तर त्यात बारा-पंधरा किलोंची भर पडते.